खुब्याचा सीटी काढताना गुडघाही घ्या

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या आरोग्य पुरवणीत खुब्याच्या दुर्बिणीच्या ऑपरेशनवर आलेला लेख वाचला. तरुण वयात जांघेत दुखतं, उकिडवं बसवत नाही, एमआरआयच्या रिपोर्टवर ‘इम्पिंजमेंट’ (म्हणजे खुब्यात हाडावर हाड आदळणं) लिहून येतं आणि मग दोन-तीन भोकं पाडून हाडावरचं टेंगूळ घासून काढतात, ही माहिती लोकांपर्यंत पोचली हे बरंच झालं. नाहीतर आपल्याकडे जांघ दुखली की आधी हर्निया, मग मूतखडा, मग मणका, असा प्रवास होतो आणि खुब्याची पाळी सगळ्यात शेवटी येते. पण लेख वाचून सामान्य माणसाचा समज असा होईल की टेंगूळ दिसलं, टेंगूळ काढलं, विषय मिटला. तसं नाही, म्हणून हे पत्र.

मिरजेत सीटी मशिनवर काम करण्यात माझी बहुतेक नोकरी गेली. मी डॉक्टर नाही, रिपोर्टवर सही माझी नसते. पण ज्या रेघांचा पुढे रिपोर्टमध्ये आकडा होतो त्या आधी मी ओढते, मग आमचे रेडिओलॉजिस्ट सर तपासतात. त्या जागेवरून एवढंच सांगायचं आहे की खुब्याचं इम्पिंजमेंट असलेल्या रुग्णाच्या मांडीच्या हाडाचा पीळ मोजल्याशिवाय ऑपरेशनचं ठरवू नये. आणि तो सीटीवर मोजायचा तर खुब्याबरोबर गुडघ्याचेही काप, म्हणजे आडव्या छेदाचे फोटो, लागतात. आमच्याकडे येणाऱ्या चिठ्ठ्यांवर बहुतेक वेळा नुसतं ‘सीटी, दोन्ही खुबे’ एवढंच असतं.

पीळ म्हणजे काय, ते शरीरशास्त्राच्या विभागात फार सोपं दिसतं. मांडीचं सुकं हाड टेबलावर ठेवायचं. गुडघ्याकडची दोन गोलसर टोकं मागच्या अंगाने टेबलाला टेकतात. वरची मान आणि तिच्यावरचा गोळा मात्र टेबलाला समांतर राहत नाही, पुढच्या बाजूला उचललेला असतो. मोठ्या माणसात हा कोन साधारण १५ अंशांचा. जन्मतः तो ३० ते ४० अंश असतो आणि मूल वाढेल तसा कमी होत जातो. काहींचा पुरेसा कमी होत नाही, काहींचा गरजेपेक्षा जास्त होतो, आणि थोड्यांची मान तर चक्क मागे वळलेली असते. खुब्याच्या नेहमीच्या एक्स-रेवर हा कोन वाचता येत नाही. एक्स-रे समोरून काढतात, आणि हा पीळ हाडाच्या लांबीभोवतीचा.

आता कोन कमी असला तर बिघडतं कुठे? असा माणूस गुडघे समोर ठेवून उभा राहिला की त्याचं हाड खुब्यात आधीच आत फिरल्यासारखं बसलेलं असतं. आणखी आत फिरायला जागा थोडीच उरते. खाली बसताना, जीपमध्ये चढताना, बुटाची नाडी बांधताना मांडी पोटाकडे येते आणि जराशी आत वळते. तेवढ्यात मानेचा पुढचा भाग वाटीच्या, म्हणजे गोळा ज्या खोबणीत बसतो तिच्या, कडेवर आदळतो. त्या कडेला रबरासारखी पाळ असते, तिला लॅब्रम म्हणतात, ती मध्ये चेंगरते. मानेवर टेंगूळ असेल तर हे आदळणं अजून लवकर होतं. म्हणजे दुखवणारे दोघं. एकाला घालवलं तरी दुसरा जागेवरच.

जतकडचा एक पोरगा आला होता, तालमीत वाढलेला. दुसऱ्या शहरात त्याचं दुर्बिणीचं ऑपरेशन झालं होतं, टेंगूळ नीट घासलं होतं, आणि तरी बैठक मारताना उजव्या जांघेत चमक निघायचीच. त्याची तक्रार कुणी मनावर घेत नव्हतं, त्याला कारण एकच: तो मांडी घालून तासभर बसायचा. घरचे म्हणायचे, खुबा खराब असता तर मांडी घातली असती का? आपल्याकडे खुब्याची परीक्षा मांडी घालण्यावरच होते. पण मांडी घालताना पाय बाहेर फिरतो, आणि ज्यांचा पीळ कमी त्यांना बाहेर फिरायला उलट जास्तच मुभा असते. अशी माणसं चालतानाही पावलं बाहेर टाकतात. त्याला अडचण होती ती पावलं सरळ ठेवून खोल बसण्याची. स्टार्ट केलेल्या मोटारसायकलवर टांग टाकण्याची नाही, तर मारुतीच्या मागच्या सीटवर शिरण्याची. अशी तक्रार ऐकणाऱ्याला नखरा वाटते.

नव्या सर्जननी त्याला पालथं झोपवून गुडघा काटकोनात वाकवला आणि पाऊल बाहेर झुकवून बघितलं. पाऊल बाहेर गेलं की खुबा आत फिरतो, हे पहिल्यांदा ऐकणाऱ्याला उलटं वाटतं, पण तसंच आहे. त्याचं पाऊल बाहेर जेमतेम हललं आणि आतल्या बाजूला मात्र सहज लोळलं. चिठ्ठीवर त्यांनी स्पष्ट लिहिलं होतं: दोन्ही खुबे आणि दोन्ही गुडघे, पीळ मोजण्यासाठी. सोबत आलेले वडील चिठ्ठी वाचून वैतागले. “ताई, दुखतंय जांघंत आणि फोटू गुडघ्याचा कशाला? आधीच एकदा सगळा काढून झालाय की.” त्यांनी आणलेली आधीच्या सीटीची सीडी मी लावून बघितली. सीटी उत्तम होता, टेंगळाचा थ्रीडी फोटोसुद्धा होता. फक्त तो जांघेखाली चार बोटांवर संपत होता. हाडाचं वरचं टोक आहे आणि खालचं नाही, मग कोन कशाशी मोजणार?

मोजणी करतो कशी, तेही लिहिते, कारण त्यात गफलती होतात. रुग्णाला उताणं झोपवून पाय सरळ करायचे आणि पावलं पट्ट्याने बांधायची. पाऊल नेमकं सरळच हवं असं काही नाही. दोन्ही टोकं एकाच हाडाची, पाय थोडा वळला तर दोन्ही सारखीच वळतात. पण खुब्याचे काप झाल्यावर आणि गुडघ्याचे व्हायच्या आधी रुग्णाने पाय हलवला, की संपलं. खोकला, अंगाला खाज, ‘झालं का ओ?’ म्हणून उठायला बघणं, यातलं काहीही पुरतं. म्हणून पट्टा घट्ट, आणि सगळं एका दमात. मग पडद्यावर पहिली रेघ गोळ्याच्या मध्यातून मानेच्या मुळाच्या मध्यापर्यंत. दुसरी रेघ गुडघ्याकडच्या दोन्ही गोलसर टोकांना मागून स्पर्श करणारी. दोन रेघांमधला कोन म्हणजे पीळ.

त्या पोराच्या उजव्या पायाचा कोन आला उणे ४ अंश, म्हणजे मान मागे वळलेली. डावा ३. सरांनी स्वतः रेघा पुन्हा ओढल्या, एका अंशाचा फरक पडला.

वडिलांना समजावताना सर्जन बरंच बोलले. त्यांना पटलं ते मात्र त्यांच्याच तोंडून निघालेलं वाक्य: “म्हणजे कुदळ दांड्यात तिरकी बसलीय, आणि आमी नुसतं टोक घासून आणलं.” याहून नेमकं मला सांगता येणार नाही.

पुढे काय करायचं यावर त्यांच्या घरात अजून खल चालू आहे, आणि ते साहजिक आहे. पीळ दुरुस्त करायचा म्हणजे मांडीचं हाड आडवं कापायचं, खालचा भाग ठरलेल्या अंशांनी फिरवायचा आणि आत सळई नाहीतर बाहेरून पट्टी घालून जोडायचं. हाड जुळेपर्यंत कुबड्या. दोन टाक्यांचं काम नव्हे. पीळ कमी निघाला म्हणून प्रत्येकाचं हाड कापत सुटायचं असंही कुणी समंजस सर्जन म्हणत नाही. व्यायामाने स्नायू सुधारतात, वागणं बदलतं, दुखणं आटोक्यात राहू शकतं. हाडाचा कोन मात्र वाढ पुरी झाल्यावर कुठल्याही व्यायामाने बदलत नाही. ‘पीळ काढून देतो’ म्हणणाऱ्या मालिशवाल्यांपासून लांब राहावं.

हा एकट्या पोराचा प्रश्न असता तर संपादकांचा वेळ घेतला नसता. स्वित्झर्लंडमधल्या बर्न शहरातले सर्जन राइनहोल्ड गांझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये खुब्याच्या या आदळण्याकडे जगाचं लक्ष वेधलं. तरुण वयातल्या सांधेझिजेमागे हे कारण असू शकतं, ही मांडणी तिथून रुजली. मानेवरच्या टेंगळाला कॅम आणि वाटीची कड जास्त पुढे आलेली असली तर पिन्सर, ही आता आमच्या रिपोर्टमध्ये रोज येणारी नावं त्याच काळात रूढ झाली. त्याच बर्नच्या मंडळींनी २०१८ मध्ये ४६२ रुग्णांच्या दुखणाऱ्या ५३८ खुब्यांचे पीळ मोजून प्रसिद्ध केले. ५२ टक्के खुब्यांत मांडीच्या हाडाचा पीळ ठीक नव्हता, म्हणजे १० अंशांहून कमी किंवा २५ हून जास्त. १७ टक्क्यांत तो अगदीच टोकाचा, शून्याच्याही खाली किंवा ३५ च्या वर. साधारण सहातला एक.

आता यावरून सांगली-कोल्हापूरकडच्या निम्म्या रुग्णांचे पीळ बिघडलेत असं कुणी छापू नये. बर्नला गुंतागुंतीचे रुग्ण लांबून येतात, आकडा तिथे फुगणारच. तरी त्याच्या निम्म्यावर भागलं तरीसुद्धा न बघता पुढे जाण्याइतकं ते किरकोळ नाही. आणि ही काही परवाची गोष्टही नव्हे. जर्मनीतले ट्योनिस आणि हाइनेके यांनी १९९९ मध्येच लिहून ठेवलं होतं की कमी पिळाचा दुखण्याशी आणि सांधेझिजेशी संबंध आहे.

दुर्बिणीच्या ऑपरेशनवर माझा राग नाही. ब्रिटनमध्ये २३ रुग्णालयांतल्या ३४८ रुग्णांवर चाचणी झाली, २०१८ मध्ये तिचे निकाल आले. ऑपरेशन झालेले आणि नुसती नीट आखलेली फिजिओथेरपी घेतलेले, दोन्ही गट वर्षभराने सुधारले होते, आणि ऑपरेशनवाले १०० गुणांच्या मोजपट्टीवर जवळजवळ ७ गुणांनी पुढे होते. फायदा खरा आहे, पण जादू नाही. आणि सगळ्यांना सारखा होत नाही. न्यूयॉर्कमधल्या २०१५ च्या एका अभ्यासात ५ अंशांपेक्षा कमी पीळ असलेल्यांचीही दुर्बिणीच्या ऑपरेशननंतर सुधारणा झाली, पण इतरांपेक्षा कमी. नंतरच्या काही अभ्यासांत हा फरक दिसलेला नाही, म्हणून सर्जन मंडळींत यावर वाद आहेत. वाद असू देत. पण वाद घालायलाही आकडा हातात लागतो, आणि तो गुडघ्याच्या कापांशिवाय मिळत नाही.

उलट्या बाजूचंही थोडं लिहिते, कारण लेखात बायकांचा उल्लेखच नाही. ज्यांचा पीळ जास्त राहिलेला असतो त्यांचं सगळं याच्या विरुद्ध. त्यांना मांडी घालणं जड जातं. लहानपणी त्या गुडघे पुढे आणि पावलं दोन्ही बाजूंना मागे टाकून बसायच्या, आणि आजी ओरडायची. मोठेपणी लांब ढांग टाकली की दुखतं, ते पुढे जांघेत किंवा मागे कुल्ल्याच्या खालच्या अंगाला, कारण तिथे मांडीचं हाड बसायच्या हाडाला जवळ येतं. भरतनाट्यम शिकणाऱ्या अशा मुलींना अरायमंडीत, म्हणजे अर्धं बसून उभं राहताना, गुडघे बाहेर करायला लावतात. खुब्यातून पाय तेवढा बाहेर फिरतच नाही, मग सगळा ताण गुडघ्यावर आणि घोट्यावर. क्लासच्या बाईंनी ‘आळशी आहेस’ म्हणण्याआधी एकदा पालथं झोपवून बघायला हरकत नाही. अशा एखादीच्या मानेवर छोटं टेंगूळ दिसलं आणि तेवढंच काढलं, तर दुखण्याचं मूळ भलतीकडेच राहतं.

लहान मुलांच्या आईबापांनी मात्र हे वाचून सीटी सेंटर गाठू नये. पाच वर्षांचं पोर पावलं आत टाकून चालतं म्हणून त्याला मशिनमध्ये घालायचं कारण नसतं. बहुतेकांचं वाढत्या वयात आपोआप सुधारतं. एकाच पायाचं असेल, दुखत असेल, लंगडत असेल, तर हाडांच्या डॉक्टरांना दाखवावं.

किरणोत्साराची भीती रास्त आहे, पण ती चुकीच्या जागी वापरली जाते. मात्रा लागते ती मुख्यतः ओटीपोटाच्या भागाला, आणि तो सीटी तर रुग्णाचा होतच असतो. गुडघ्याजवळचे मोजके काप त्यात फारशी भर घालत नाहीत, तिथे जननेंद्रियं नाहीत की आतडी नाहीत. मधली सबंध मांडी स्कॅन करायची गरज नसते. वरचं टोक, खालचं टोक, बस. एमआरआय करायचाच असेल तर त्यातही गुडघ्याचे थोडे झटपट काप घेता येतात, तिथे किरणांचा प्रश्नच नाही. मशिनवरचा जास्तीचा वेळ म्हणाल तर मिनिटभर. मग करत का नाहीत? चिठ्ठीवर नसतं म्हणून. चिठ्ठीवर का नसतं? आमच्याकडे विचारलं तर उत्तर येतं, ‘आजवर कुणी मागितलं नाही.’

रिपोर्टबद्दल एक तक्रार आमच्या जमातीचीच आहे, तीही लिहून टाकते. पीळ मोजायच्या पद्धती एकाहून अधिक आहेत. खालची रेघ सगळ्यांची सारखीच, भांडण वरच्या रेघेचं. कुणी ती मानेच्या वरच्या भागातून एकाच कापावर ओढतात, कुणी गोळ्याच्या मध्यापासून थेट मानेच्या मुळाशी, खालच्या उंचवट्याच्या पातळीपर्यंत नेतात. एकाच पायाच्या एकाच सीटीवर या दोन पद्धतींत दहाच्या वर अंशांचा फरक पडू शकतो, पीळ जास्त असलेल्या हाडात तर त्याहूनही अधिक. म्हणजे एका सेंटरमध्ये ८ आलेला कोन दुसऱ्या सेंटरमध्ये २० येईल आणि दोघंही आपापल्या जागी बरोबर असतील. रुग्ण बिचारा दोन रिपोर्ट घेऊन तिसऱ्या डॉक्टरकडे. म्हणून नुसता आकडा छापणं पुरेसं नाही, कुठल्या पद्धतीने मोजलं ते त्याच ओळीत लिहायला हवं. एका ओळीचं काम आहे, आणि मी पाहिलेल्या बाहेरच्या रिपोर्टांत ती ओळ क्वचितच असते.

पुरवणीच्या संपादकांना विनंती की त्या लेखाला एक चौकट जोडावी. डॉक्टरांना विचारायला फार काही लागत नाही: माझ्या मांडीच्या हाडाचा पीळ मोजलाय का, किती आला, कुठल्या पद्धतीने? चांगला सर्जन या प्रश्नाने चिडत नाही. सीटी सेंटरवाल्यांनीही, चिठ्ठीवर इम्पिंजमेंट लिहिलेलं दिसलं आणि गुडघ्याचा उल्लेख नसला, तर सर्जनना एक फोन करून विचारावं. आमच्याकडे आता तसं करतो. समोरून बहुतेक वेळा ‘हो, घ्या ना’ असंच उत्तर येतं.

आणि जुना सीटी झालेला असेल तर फिल्म नको, सीडी आणा. फिल्मवर आम्हाला रेघा ओढता येत नाहीत. सीडीत गुडघ्याचे काप निघाले तर कोन तिथल्या तिथे मोजून मिळतो, पुन्हा मशिनमध्ये झोपावं लागत नाही.

आपली,
एक सीटी तंत्रज्ञ, मिरज
(नोकरीत असल्याने नाव छापू नये ही विनंती.)